कशावरून?

भावाचा फोन आला तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते. कसाऱ्याचा घाट उतरून खर्डीच्या पुढे एका ढाब्यासमोर तो थांबला होता. "ताई, गिअर पडत नाहीये गं," एवढंच म्हणाला. मागे पिंपळगावच्या बाजारात भरलेले टोमॅटोचे क्रेट, पहाटे चारच्या आत वाशीला पोहोचायचं, आणि हा हातात टॉर्च घेऊन ट्रकखाली वाकलाय, हे मला मुंबईतल्या असल्फ्याच्या घरात बसून दिसत होतं. गिअरबॉक्समधलं मला तेव्हा काहीही कळत नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की दर पाच तारखेला अडतीस हजार पाचशेचा हप्ता जातो आणि त्या कर्जावर सहअर्जदार म्हणून माझी सही आहे.

त्या रात्री तो कसाबसा पोहोचला. क्लच चार-पाच वेळा दाबून सोडला की एखाद्या वेळी गिअर पडायचा. नाहीच पडला तर इंजिन बंद करायचं, गिअर टाकायचा, क्लच दाबून ठेवून पुन्हा स्टार्टर मारायचा. असं करत करत तो साडेसहाला बाजारात शिरला. तोवर भाव उतरला होता. व्यापाऱ्याने भाड्यातून पैसे कापले, त्याचं फार वाईट वाटून घेतलं नाही. हे धंद्यात चालतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा काढली आणि आम्ही ट्रक ठाण्याच्या पलीकडे, महामार्गालगतच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नेला. ट्रक तीन वर्षांचा, सहाचाकी, एकोणीस फुटी बॉडीचा. वॉरंटीचे किलोमीटर संपून गेले होते, पण सगळ्या सर्व्हिस तिथेच केलेल्या. काचेच्या भिंतीआड एसी, चहाचं मशीन, बसायला सोफे. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा होता, बोलायला नम्र. त्याने ट्रक यार्डात रिकामाच एक चक्कर फिरवला, दोनदा रिव्हर्स टाकून बघितला. 'करर्र' असा आवाज मला काचेच्या आतही ऐकू आला. मग लॅपटॉप जोडला. वीस मिनिटांत तो आमच्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "गिअरबॉक्स गेला. सिंक्रो रिंग, बेअरिंग, दोन गिअर, सगळं ओव्हरहॉल करावं लागेल."

एस्टिमेट आलं एक लाख शहाऐंशी हजारांचं. जीएसटी वेगळा.

मी विचारलं, उघडल्यावर एवढं खराब निघालं नाही तर? तो म्हणाला, निघेलच. आणि उघडून काम केलं नाही तर गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची मजुरी बावीस हजार. मी विचारलं, बदललेले जुने पार्ट आम्हाला परत मिळतील का? तो म्हणाला, ते आमच्याकडेच जमा होतात. हे सगळं सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, भावाकडे बघत होता. मग भावाला म्हणाला, "तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता ना? त्यानेच होतं हे."

भाऊ काहीच बोलला नाही.

त्या वाक्याने त्याचं काय झालं ते मला सांगायचंय, कारण एस्टिमेटचा आकडा मी पुढे विसरेन, हे विसरणार नाही. माझा भाऊ सोळाव्या वर्षी क्लीनर म्हणून दुसऱ्याच्या गाडीवर चढला. बावीसाव्या वर्षी स्टिअरिंग हातात आलं. स्वतःची गाडी घ्यायला त्याला आणखी अकरा वर्षं लागली. घाट उतरताना ब्रेकवर पाय न ठेवता गाडी गिअरवर कशी धरायची, भरलेल्या गाडीला चढावर कुठल्या गिअरात किती आवाज शोभतो, हे तो जेवताना सांगतो आणि आम्ही न ऐकल्यासारखं करतो. गर्व वाटावा अशी या कामाखेरीज दुसरी गोष्ट त्याच्यापाशी नाही. वर्कशॉपमधून बाहेर पडल्यावर तो पार्किंगच्या कठड्यावर बसला आणि म्हणाला, "असेल गं ताई माझंच चुकलेलं. रात्रीच्या झोपेत पाय राहत असेल क्लचवर." छत्तीस वर्षांचा माणूस स्वतःच्या पायावरचा विश्वास असा सोडून देताना मी पहिल्यांदा पाहिला.

घरी आल्यावर एस्टिमेट आबांपुढे, आमच्या वडिलांपुढे, ठेवलं. तीन पानं, तेवीस ओळी, प्रत्येक ओळीत एका पार्टचा नंबर आणि किंमत. आबांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी पानं उलटून पाहिली, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "कशावरून?"

मी म्हटलं, कशावरून म्हणजे?

"म्हणजे हे सगळं बदलायचं ते कशावरून ठरलं? ते कुठल्या ओळीत लिहिलंय?"

मी पुन्हा वाचलं. पहिल्या पानावर तक्रारीच्या रकान्यात दोन शब्द होते: गिअर हार्ड. आणि त्याच्याखाली लगेच पार्ट सुरू. मध्ये काहीच नव्हतं. काय तपासलं, काय मोजलं, कुठली शक्यता बाजूला ठेवली आणि का, याची एक ओळही नाही. मी गणित शिकवते. पोरांनी उदाहरण मांडून न दाखवता खाली नुसतं उत्तर लिहिलं तर मी अर्धे गुण कापते. आणि इथे दोन लाखांचं उत्तर मी पायऱ्या न विचारता घरी घेऊन आले होते.

आबा हा प्रश्न विचारतात त्याला कारण आहे. ते माथाडी. पाटण तालुक्यातून मुंबईत आले, क्रॉफर्ड मार्केटच्या फळबाजारात पाट्या वाहिल्या, आणि १९९६ मध्ये फळबाजार वाशीला गेला तेव्हा त्याच्यामागून रोज हार्बर लाइनने वाशीला जाऊ लागले. त्या बाजारात हत्ता पद्धत चालायची. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याचा आंबा, तो देवगड-रत्नागिरीचा बागायतदार दोन हातांवर उभा असला तरी किती बोटं दाबली गेली हे त्याला दिसायचं नाही. संध्याकाळी हातात हिशेबाची पट्टी पडायची तेव्हा भाव कळायचा. आबा डोक्यावर पेटी घेऊन तिथून जायचे आणि रुमाल बघायचे. आयुष्यभर त्यांना त्या रुमालाचा राग आहे. भाव कमी ठरला याचा तेवढा नाही, जितका तो झाकून ठरला याचा.

दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपला फोन केला आणि विचारलं, सिंक्रो रिंग गेली हे तुम्हाला कशावरून कळलं? तो मुलगा म्हणाला, आवाजावरून. मी विचारलं, लॅपटॉपमध्ये काय आलं? त्यात इंजिनचे कोड येतात, तो म्हणाला. मग गिअरबॉक्सचं काय आलं? थोडा वेळ शांतता. नंतर वरिष्ठांनी फोन घेतला आणि सांगितलं की आमचे लोक प्रशिक्षित आहेत, बाहेर काम करून घेतलंत तर पुढची जबाबदारी आमची नाही. मी म्हटलं, किमान निदानाचं कारण तरी लेखी द्या. ते म्हणाले, एस्टिमेट दिलंय की.

हे मला नंतर कळलं, पण इथेच सांगते, कारण नवीन गाड्या घेणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं. एप्रिल २०२० पासून आपल्याकडे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या बीएस-सहा गाड्या आल्या आणि त्यांच्या इंजिनावर, सायलेन्सरवर, धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या यंत्रणेवर जागोजागी सेन्सर बसले. तिथे काही बिघडलं की लॅपटॉप सांगतो. हाताने बदलायच्या साध्या गिअरबॉक्सचं तसं नसतं. गाडीचा वेग किती, न्यूट्रल आहे का, एवढं त्याला कळू शकतं. आतलं बेअरिंग झिजलंय की रिंग गुळगुळीत झालीय हे त्याला कुणी सांगत नाही. तिथे कान लागतो, हात लागतो आणि वेळ लागतो. लॅपटॉप जोडला म्हणजे तपासलं असं आम्हाला वाटलं होतं.

तपासणीचे दोन हजार आणि त्यावरचा जीएसटी, मिळून २,३६० रुपये भरून आम्ही ट्रक सोडवला. भावाच्या ओळखीच्या एका ड्रायव्हरने वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळच्या एका मिस्त्रीचं नाव सांगितलं होतं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. रात्री अकरानंतर निघालो. मी पहिल्यांदाच केबिनमध्ये बसून इतका लांबचा प्रवास केला. आनंदनगरच्या टोलनाक्यावर रांग होती. छोट्या गाड्यांना मुंबईत शिरायचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ झालाय, ट्रकला भरावा लागतो. त्या रांगेत दर दहा फुटांवर थांबायचं, पुन्हा निघायचं. प्रत्येक वेळी भाऊ क्लच चार-पाच वेळा पंप करायचा, ओठ घट्ट मिटून गिअर आत ढकलायचा, आणि 'करर्र' झालं की मागच्या गाडीकडे आरशात बघायचा, जणू त्याने त्या माणसाचंच काही मोडलं होतं. मग पूर्व द्रुतगती मार्ग मोकळा मिळाला. एकदा चौथ्या-पाचव्यात गाडी गेली की काही त्रास नव्हता. विक्रोळी मागे पडल्यावर मी सहज म्हटलं, आता कसे नीट पडताहेत रे? तो म्हणाला, "चालू गाडीत एवढा त्रास नाहीच. उभ्या गाडीतच पहिला आणि रिव्हर्स अडतो."

हेच वाक्य त्याने वर्कशॉपमध्येही सांगितलं होतं. ते कुठे लिहून घेतलं गेलं नव्हतं.

चाचा साठीच्या पुढचे, मूळचे खेडकडचे. मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलतात. सकाळी आठला त्यांच्या गॅरेजवर गेलो, गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड आणि समोरचा रस्ता. त्यांनी पान्याला हात लावला नाही. चहा मागवला आणि भावाला विचारायला सुरुवात केली. कधीपासून? एकदम झालं की हळूहळू? थंड गाडीत होतं की तापल्यावर? भरलेली असताना जास्त की रिकामी असताना? सगळे गिअर अडतात की एकच? क्लच पंप केला की सुधारतं? इंजिन बंद असताना कसा पडतो? भाऊ उत्तरं देत गेला. शेवटच्या प्रश्नाला तो म्हणाला, "बंद असताना लोण्यासारखा पडतो." चाचांनी कप खाली ठेवला.

"चला बघू."

त्यांनी मला केबिनमध्ये चढायला सांगितलं. "ताई, तुम्ही टाका. तुम्हाला सवय नाही, म्हणजे तुम्ही सांभाळून घेणार नाही." इंजिन बंद होतं. मी क्लच दाबला, पहिला, दुसरा, तिसरा, सहापर्यंत गेले, रिव्हर्स टाकला. माझ्यासारख्या अडाणी हातालाही सगळे सरळ पडले. मग भाऊ बसला, इंजिन सुरू केलं. चाचा म्हणाले, "क्लच पूर्ण दाबून ठेव. दहा मोज. मोजून झाले की रिव्हर्स टाक." भावाने मोठ्याने मोजले. दहा झाल्यावर रिव्हर्स टाकला. करर्र.

चाचा हसले नाहीत, जिंकल्यासारखाही चेहरा केला नाही. ते म्हणाले, "दहा मोजेपर्यंत आतला शाफ्ट थांबायला हवा होता. थांबत नाहीये. म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाहीये."

पुढचा अर्धा तास त्यांनी मला समजावण्यात घालवला, त्याचे पैसे त्यांनी लावले नाहीत. मी समजले ते माझ्या भाषेत सांगते. इंजिन सतत फिरत असतं. त्याच्या मागे क्लच प्लेट, तिच्यामागे गिअरबॉक्सचा शाफ्ट. पेडल दाबलं की प्लेट सुटी होते आणि शाफ्टचा इंजिनाशी संबंध तुटतो. गिअर बदलताना दोन वेगळ्या वेगाने फिरणारे भाग एकमेकांत अडकवायचे असतात. त्यांचा वेग आधी जुळवून देते ती सिंक्रो रिंग. चालत्या लोकलमध्ये चढणारा माणूस प्लॅटफॉर्मवर गाडीच्या दिशेने दोन पावलं धावतो आणि मग दांडा धरतो, ती दोन पावलं म्हणजे सिंक्रो. रिव्हर्सला बहुतेक ट्रकमध्ये ती सोय नसते, तिथे गाडी थांबेपर्यंत वाट बघायची. आता रिंग झिजली असेल तर ज्या गिअरची रिंग झिजली तोच गिअर कुरकुरतो, बाकीचे नीट पडतात, आणि त्रास चालत्या गाडीत जास्त जाणवतो. पण क्लचच पूर्ण सुटत नसेल तर शाफ्ट उभ्या गाडीतही थोडा फिरत राहतो. मग सगळेच गिअर अडतात, पहिला आणि रिव्हर्स तर फारच. इंजिन बंद केलं की फिरणारं काही उरतच नाही, म्हणून लोणी.

दोन्ही आजारांचा आवाज एकच. करर्र. वर्कशॉपमधल्या मुलाने तो आवाज ऐकला होता, खोटा ऐकला नव्हता. पुढची दोन मिनिटं मात्र त्याने दिली नाहीत.

चाचा खाली झोपले, हेल्परला पेडल दाबायला सांगितलं. मोठ्या गाडीचा क्लच नुसत्या पायाने दबत नाही. पेडलपाशी मास्टर सिलिंडर, तिथून नळीतून ऑइल, आणि खाली क्लच बूस्टर, जो हवेच्या जोरावर दांडा पुढे ढकलतो. चाचांनी खिशातली पोलादी पट्टी त्या दांड्याला लावली आणि मलाही वाकून बघायला सांगितलं. दांडा किती सरकायला हवा ते त्यांनी खडूने चासीवर लिहिलं, किती सरकतोय तेही लिहिलं. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त होता. पेडल दाबलेलं असताना बूस्टरमधून बारीक 'स्सss' ऐकू येत होतं. त्याच्या रबरी टोपणाखाली बोट फिरवून त्यांनी ते मला दाखवलं. बोट ओलं, काळं. "सील गेलंय. हवा पण सोडतोय, ऑइल पण."

मग ते भावाला म्हणाले, "क्लचवर पाय ठेवून चालवतोस असं कोण म्हणालं तुला? प्लेट अजून आहे बघ, सेटिंग सांगतंय. तसा चालवत असतास तर ही आधी संपली असती."

भाऊ "हं" म्हणाला आणि शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिला. पाठमोरा. मी त्याच्याकडे गेले नाही.

बूस्टर नवा घ्यायचा ठरला. मी विचारलं, कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना मिळतो म्हणतात, निम्म्या पैशांत. चाचा म्हणाले, "काच घ्या, दरवाजा घ्या, लाइट घ्या तिथून. क्लच-ब्रेकचं जुनं मी बसवत नाही." सीएसटी रोडचं नाव निघालंच आहे तर एक सांगते. कित्येकांना वाटतं की हे नाव बोरीबंदरच्या सीएसटी स्टेशनवरून पडलं. ते आहे सेंट्रल साल्सेट ट्रॅमवेचं, ट्रॉम्बे ते अंधेरी अशी एक रेल्वे १९२८ मध्ये सुरू झाली होती आणि १९३४ मध्ये बंद पडली. रूळ गेले, नाव राहिलं, आणि आज त्या रस्त्यावर मोडलेल्या गाड्यांचे अवयव रचून ठेवलेले असतात. तिथून पुढे एका दुकानातून कंपनीचाच नवा बूस्टर आणि मास्टर सिलिंडरचं किट मीच पावती घेऊन आणलं.

काम संध्याकाळी झालं. नळीतली सगळी हवा काढली, नवं ऑइल भरलं, पट्टी लावून दांडा पुन्हा मोजला आणि खडूने तिसरा आकडा लिहिला. पहिल्याशी जुळला. भावाने क्लच दाबला, दहा मोजले, रिव्हर्स टाकला. काही ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा टाकला. मग न मोजता टाकला. असा सात-आठ वेळा.

बूस्टर, किट, ऑइल, मजुरी सगळं धरून ११,४०० रुपये.

इथे ही गोष्ट संपली असती तर मला लिहायला सोपं गेलं असतं. पण चाचांनी गिअर ऑइलही बदलायला लावलं. इतके दिवस दात घासत गिअर टाकलेत, आत काय पडलंय ते बघू, म्हणाले. खालचा बोल्ट सोडला, गंधकासारखा उग्र वास सुटला, काळं ऑइल घमेल्यात आलं. त्या बोल्टच्या टोकाला लोहचुंबक असतो. लोखंडाचा जो कीस होतो तो तिथे चिकटतो. त्यावर राखाडी लोण्यासारखा थर होता. हा थर असायचाच, तो झिजेचा, चाचा म्हणाले. मग त्यांनी तो थर वर्तमानपत्रावर पुसला आणि नखाने पसरला. त्यात दोन कपच्या चमकत होत्या, नखाच्या कोरीएवढ्या.

"ह्या नको होत्या," ते म्हणाले.

मला धस्स झालं. म्हणजे वर्कशॉपवाले बरोबर होते? चाचा म्हणाले, "रिव्हर्सच्या दाताची कोर उडाली असणार. इतक्या वेळा खरवडलाय. गिअरबॉक्स ठणठणीत आहे असं मी सांगत नाही, ताई. आज तो उघडायला कारण दिसत नाही, एवढंच सांगतो. आवाज नाही, गिअर सुटत नाही, बेअरिंग गरम होत नाही. पंधरा हजार किलोमीटर चालवा, मग हा बोल्ट परत खोलू. कपच्या आणखी आल्या तर उघडू. तेव्हा मीच सांगेन." त्या दोन कपच्या त्यांनी कागदाच्या पुडीत बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या. "जपून ठेवा. पुढच्या वेळी ताडून बघता येईल."

मी त्या पुडीवर तारीख आणि किलोमीटर लिहिले. त्या सगळ्या दिवसांत आम्हाला मिळालेलं पहिलं लेखी निदान मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

वर्कशॉपवर मी चिडून आहे आणि ते लपवायचं नाही. त्यांनी फसवायचं ठरवून फसवलं असं मी म्हणू शकत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. त्या मुलाला कदाचित रोज इतक्या गाड्या बघायच्या असतील की प्रत्येकीला दहा मोजायला वेळ नसेल. पण मग त्याने "मला खात्री नाही" असं म्हणायला हवं होतं. ते वाक्य त्या एसीच्या खोलीत कुणी उच्चारलं नाही. आणि न तपासलेल्या गोष्टीचा दोष माझ्या भावाच्या पायावर टाकला गेला, याला वेळेची सबब चालत नाही.

ग्राहक चळवळीत काम करणाऱ्या माझ्या एका सहकारी शिक्षिकेला मी सगळं दाखवलं. तिच्याकडून कळलं ते उपयोगाचं आहे. ट्रक म्हणजे धंद्याची वस्तू, तिचा मालक ग्राहक नव्हे, असं आम्हाला कुणीकुणी सांगितलं होतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्पष्टीकरण आहे: जो माणूस केवळ स्वतःचा चरितार्थ चालवण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू विकत घेऊन स्वतः वापरतो, त्याचा तो वापर व्यापारी हेतूचा धरला जात नाही. माझा भाऊ एकच ट्रक स्वतः चालवतो. म्हणजे तो ग्राहक आहे. १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, जिल्हा आयोगाकडे जाता येतं. आम्ही आयोगाकडे गेलो नाही. २,३६० रुपयांपलीकडे आमचं तिथे काही गेलं नव्हतं, आणि भावाला तारखांसाठी गाडी उभी करणं परवडणार नव्हतं. मी एक पत्र मात्र लिहिलं. तेवीस ओळींच्या एस्टिमेटची प्रत जोडली, बूस्टरची पावती जोडली, चासीवरच्या खडूच्या तीन आकड्यांचा फोटो जोडला, आणि एकच मागणी केली: जॉबकार्डवर तक्रार आणि पार्ट यांच्यामध्ये 'काय तपासलं' हा रकाना ठेवा. पोच मिळाली. उत्तर आलेलं नाही.

खंडेनवमीला भावाने ट्रक धुतला, झेंडूचं तोरण बांधलं, चारी बाजूंनी हळदीकुंकू लावलं. आबांना खुर्चीवर बसवून खाली रस्त्यापर्यंत आणलं होतं. पूजा झाल्यावर आबा म्हणाले, मला वर बसव. त्यांना केबिनमध्ये चढवायला तिघं लागलो. त्यांनी आयुष्यात शेकडो ट्रक भरले-उतरवले, केबिनमध्ये किती वेळा बसले असतील कोण जाणे. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून त्यांनी भावाला विचारलं, "आता कसा पडतो?" भावाने पहिला टाकून दाखवला. मग आबांनी त्याचा हात बाजूला केला आणि स्वतः टाकला.

परवा पंधरा हजार पूर्ण झाले. शनिवार होता, शाळा सकाळची. मी दुपारी वडाळ्याला गेले. चाचांनी बोल्ट खोलला आणि सरळ माझ्या हातात दिला. राखाडी थर होता. मी तो वर्तमानपत्रावर पुसला, नखाने पसरला, कागद उन्हात तिरका धरून बघितला. पर्समधून जुनी पुडी काढून शेजारी उघडली. भाऊ माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, चाचा चष्मा पुसत होते.

एक कपची होती. आधीच्या दोन्हींपेक्षा लहान.

चाचांनी ती बराच वेळ बघितली. "नवी आहे की तेव्हाचीच आत फिरत राहिलेली, हे आज नाही सांगता यायचं," ते म्हणाले. "कडा घासल्यासारखी दिसते. आणखी पंधरा हजार."

मी नवी पुडी केली, तारीख घातली, किलोमीटर लिहिले.